इंटरनेट नसलेल्या खोलीतले बाबा

माझ्या बाबांनी आयुष्यभर पुष्कळ नियम केले आणि आम्हां घरच्यांना ते पाळायला लावले. त्यांतला सगळ्यात जाचक नियम माझ्या वाट्याला आला तो त्यांच्या आजारपणात. आणि तेव्हा तो मागे घ्या म्हणायचीही सोय नव्हती, कारण बाबांची वाचाच गेली होती.

नियम असा: बनारसच्या ब्रह्मा घाटाजवळच्या पाठशाळेत बाबांच्या आवाजात जे वेदपठण रेकॉर्ड झालंय ते त्या खोलीबाहेर न्यायचं नाही. पेनड्राइव्हवर नाही, मोबाईलवर नाही, इंटरनेटवर तर त्रिवार नाही. बाबांची सारी हयात त्या पाठशाळेत शिकवण्यात गेली. म्हातारपणी विश्वस्तांनी हट्ट धरला की तुमच्या तोंडात आहे ते सगळं एकदा रेकॉर्ड करून ठेवू या. बाबांनी आढेवेढे घेतले आणि मग अटीवर कबूल झाले. म्हणाले, "वेद गुरूसमोर बसून घ्यायचा असतो. उद्या कुणी पानाच्या दुकानात लावून ठेवेल, ते मला चालायचं नाही. ज्याला ऐकायचंय त्याने इथे यावं, हातपाय धुवावेत आणि बसावं." मग पाठशाळेच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत सर्व्हर आला आणि त्याला इंटरनेटची तार जोडायची नाही असं ठरलं. मी एका बँकेच्या कंप्यूटर विभागात नोकरी करते. मी तेव्हा बाबांना चिडवलं होतं, "बाबा, तुमचा सर्व्हर सोवळ्यात आहे बरं का." ते म्हणाले, "असू दे. तू पारोशाने हात लावू नकोस म्हणजे झालं."

मागच्या जाड्यात बाबांना झटका आला. आम्ही बनारसचे मराठी लोक थंडीला जाडाच म्हणतो, पुण्याची मावसबहीण हसते, हसू दे बापडी. तर झटका आला, उजवी बाजू गेली. हातपाय हळूहळू पुष्कळ परतले, पण बोलणं काही परतलं नाही. ज्या माणसाला झोपेतून उठवून कुठलीही ऋचा विचारावी आणि त्याने तिथून पुढे धाडधाड म्हणत जावं, त्याच्या तोंडून नुसतं "त... त..." एवढंच यायचं. चहा हवा तरी "त". आईला हाक तरी "त". त्यांना समजत सगळं होतं. डोळे तेच होते, तसेच धारदार. म्हणून तर मला ते बघवायचं नाही.

रुग्णालयात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फार समजावून सांगितलं. माणसाचं बोलणं गेलं तरी लहानपणापासून सुरात घोकलेलं कुठे तरी शाबूत राहतं. "इनको इन्हीं की आवाज़ सुनाइए," त्या म्हणाल्या, "रोज़ सुनाइए. साथ में होंठ हिलने लगें तो समझिए रास्ता खुल गया." आणि हेही सांगितलं की जे परतायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच परततं. वर्ष संपत आलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग ऐकवा की! इथेच तर सगळी झंझट होती. घरी बाबांचा आवाज कुणाकडेच नव्हता. फोनवर ते "हां, हां, ठेव" याच्यापलीकडे बोलले असतील तर शपथ. होतं ते सगळं पाठशाळेतल्या त्या सर्व्हरवर. आणि पावसाळ्यात बिजली एकदम आली आणि गेली, त्यात सर्व्हरची एक डिस्क बसली. नशीब थोर म्हणून रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर होतं, त्याला धक्का लागला नाही. मग कुणी तरी जुन्या सीडीवरून लिनक्स परत टाकून दिलं, पण अगदी उघडंबोडकं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस. आवाज वाजवणारा प्रोग्रामच त्यात नव्हता. बाबांचा आवाज आत होता आणि तो बाहेर काढायला आत कुणी नव्हतं.

मी सरळ पाठशाळेच्या काकांकडे गेले. हे काही सख्खे काका नव्हेत. बाबांचे गुरुबंधू, दोघे एकाच गुरूंकडे एका चटईवर बसून शिकलेले. लग्न केलं नाही, पाठशाळेतच राहतात, सगळी व्यवस्था बघतात. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असते. मी म्हटलं, "काका, मी फायली कॉपी करून घरी नेते. बाबांसाठीच तर नेतेय." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्याकडे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण मागतेय. "तुझ्या बापाचा शब्द आहे तो. तो बोलता असता तर त्याला विचारलं असतं. आता तो बोलत नाही म्हणून त्याचा शब्द मोडू?"

मी घरी येऊन बाबांनाच विचारलं. म्हटलं, "बाबा, तुमचा पाठ घरी आणू? तुम्हाला ऐकायला?" त्यांनी मान हलवली. नाही. मी परत विचारलं. परत नाही, आणि या वेळी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर चापट मारून. असा राग आला मला! अहो, तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं? आई म्हणाली, "ओरडू नकोस त्यांच्यावर. तू तुझ्या त्या मशीनलाच काय ते शिकव."

म्हणजे एकच रस्ता उरला. प्रोग्राम त्या खोलीत न्यायचा, आणि बाबांनाही.

एरवी लिनक्समध्ये नवा प्रोग्राम टाकणं हा पोरखेळ. एक ओळ लिहायची, मशीन इंटरनेटवरून स्वतःच आणून घेतं. इंटरनेटच नाही तिथे ते काय आणणार, कपाळ? आणि नुसता तो एक प्रोग्राम नेऊनही भागत नाही. आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात एका घरी जेवणाचं आमंत्रण दिलं की त्यांच्याबरोबर जावई, जावयाचा भाऊ आणि भावाची सासू येते, तसं असतं ते. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला आणखी तीन. म्हणून सगळा गोतावळा इंटरनेट असलेल्या मशीनवर आधी गोळा करायचा, त्याची सूची बनवायची, डिस्कवर भरायचा आणि मग बंद खोलीतल्या सर्व्हरला सांगायचं की बाबा रे, यापुढे तुला काही लागलं तर बाहेर बघू नकोस, या डिस्कमध्ये बघ. याला लोकल रिपॉझिटरी म्हणतात. शेवटी त्या साठ्यावर आपली डिजिटल सही करायची. सर्व्हर आधी सही तपासतो, पटली तरच आतल्या मालाला हात लावतो. बँकेत आमचे असे बिनइंटरनेटचे सर्व्हर आहेत, त्यामुळे हे काम माझ्या हातात बसलेलं. मी आईला सांगून टाकलं, "उद्या संध्याकाळी काम फत्ते."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी आंघोळ करून घरच्या लॅपटॉपवर सगळं जमवलं, सही केली, आणि संध्याकाळी डिस्क घेऊन गल्ल्यांमधून पाठशाळेत गेले. दारात काका पळी घेऊन उभेच. माझ्या हातातल्या डिस्कवर त्यांनी गंगाजळ शिंपडलं.

"काका! डिस्कला आंघोळ घालता?"

"आंघोळ नव्हे, प्रोक्षण. बाहेरून आलीय ना."

मी ओढणीने डिस्क खसाखसा पुसली. काका जवळच चटईवर बसले. डिस्क लावली, सर्व्हरला तिचा पत्ता दिला, आज्ञा दिली. उत्तर आलं की सही ग्राह्य नाही. परत दिली, परत तेच. डिस्क काढली, फुंकर मारली, परत लावली. नाही. काका म्हणाले, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "म्हणतोय, गंगाजळाने माझं पोट बिघडलं." काकांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, पण ते नंतर. तेव्हा मी तणतणतच घरी आले.

मला खरंच वाटलं होतं की पाण्याने डिस्क बिघडली आणि आतला माल खराब झाला. मग नवी डिस्क. आणि काल केलेलं सगळं पुसून पुन्हा ताजं. हे मला कुणी शिकवलं असेल तर आमच्या घराने. कालचा नैवेद्य आज चालत नाही, कालचं पाणी देवाला चालत नाही, शिळं म्हटलं की आमच्या आईच्या कपाळाला आठ्या. त्याच हाताने मी कंप्यूटर चालवते. सकाळी उठून पुन्हा सगळी पॅकेजं उतरवून घेतली, सहीसाठी लागते ती नवी डिजिटल किल्ली बनवली, नवी सही केली, आणि डिस्क दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली. ऑफिस करून संध्याकाळी पाठशाळेत. काकांनी पिशवीवर पाणी शिंपडलं. मी पिशवी काढली, कोरडीठाक डिस्क लावली.

सही ग्राह्य नाही.

त्या दिवशी घरी आले तर आई बाबांना मलइयो, म्हणजे आमच्याकडची दुधाच्या फेसाची मिठाई, भरवत होती. झटक्यानंतर गिळायला सोपं म्हणून जाड्यात ते एक सुख होतं, तोंडात ठेवलं की विरतं. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. काय झालं? मी मान हलवली. त्यांनी मिशीला फेस लागलेला तसाच ठेवून डावा हात पुढे केला आणि माझ्या हातावर थोपटलं. त्यांचीच वाचा गेलेली आणि समजूत माझी काढत होते! मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. नळ सोडला म्हणजे ऐकू जात नाही असं मला वाटतं, पण आईला बरोबर ऐकू जातं. ती बाहेरून म्हणाली, "पाणी वाया घालवू नकोस गं."

एक चोरवाट होती, ती खोटं कशाला सांगू. एक शब्द जास्त लिहिला की सर्व्हर सही न तपासताच माल घेतो. हात नुसते शिवशिवत होते. पण ते करायची मला भीती वाटत होती. खरोखरच माल खराब असला आणि तो आत घुसून त्या मशीनचं काही बरंवाईट झालं तर? त्या मशीनमध्ये माझे बाबा होते. जगात दुसरी कुठली प्रत नव्हती, त्यांच्याच नियमामुळे. बँकेचा सर्व्हर असता तर मी मागचापुढचा विचार केला नसता. इथे माझी हिंमत होईना.

तिसऱ्या दिवशी परत तेच. सकाळी ताजं, संध्याकाळी कोहऱ्यातून, म्हणजे दाट धुक्यातून, चालत पाठशाळा, पळी, पाणी, चटई. परत नकार. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी त्या काळ्या पडद्याला अस्सल बनारसी हिंदीत असं काही बोलले की काकांनी कानावर हात ठेवले. मग मी ठरवलं, याला नुसतं नाही म्हणू द्यायचं नाही, का नाही ते याच्याकडून वदवून घ्यायचं. सही तपासण्याचा जो वेगळा प्रोग्राम असतो तो स्वतंत्रपणे चालवला आणि सांगितलं, सविस्तर बोल.

आणि तो बोलला. म्हणाला, ही सही भविष्यातली आहे.

मी दोनदा वाचलं. मग मला हसूच फुटलं. "काका, हा म्हणतोय ही सही उद्या केलेली आहे!"

काका हसले नाहीत.

मी सर्व्हरला तारीख विचारली. त्याने कालची सांगितली. घड्याळाची वेळ बरोबर, मिनिटाचाही फरक नाही, फक्त दिवस कालचा. वेळ मी पहिल्याच दिवशी बघितली होती, ती माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळली होती. तारीख कोण बघतं! म्हणजे मी आज सकाळी केलेली सही त्या बिचाऱ्याच्या हिशेबाने अजून झालेलीच नव्हती. जी गोष्ट उद्या होणार तिच्यावर तो आज विश्वास कसा ठेवणार? आणि मी मूर्ख रोज ताजं, रोज ताजं करत बसले. एक दिवस शिळी डिस्क आणली असती तरी त्याने मुकाट्याने घेतली असती. आईला हे सांगायची सोय नव्हती.

पण एक गोष्ट मला खुपली. इंटरनेट नसलेल्या मशीनचं घड्याळ बिघडतं, हे काही नवीन नाही. पण बिघडतं ते थोडं थोडं, मिनिटा-मिनिटाने. नाही तर आतली बॅटरी मरते आणि मशीन एकदम जुन्यापुराण्या सालात जाऊन बसतं. बरोबर एक दिवस मागे आपोआप काही होत नाही. ते कुणी तरी हाताने केलेलं असतं.

"काका, या मशीनच्या तारखेला कुणी हात लावला होता?"

काका जानव्याची किल्ली चाचपत बसले. मग म्हणाले, "मी."

"तुम्ही?"

"म्हणजे लावला त्या रेकॉर्डिंगवाल्याने. लावायला मी सांगितला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. रेकॉर्डिंगचा अगदी शेवटचा भाग राहिला होता. रेकॉर्डिंगवाला बाहेरगावचा, त्याची रात्रीची गाडी, आणि परत कधी येईल याचा भरवसा नाही. आणि नेमकी त्या दिवशी अष्टमी. अष्टमीला अनध्याय, म्हणजे त्या दिवशी वेदाचा पाठ द्यायचा नाही, घ्यायचा नाही. आमच्या घरी लहानपणापासून अष्टमी म्हणजे बाबा घरात आणि गप्प, हे मला पाठ होतं. बाबा म्हणाले, आज नाही. रेकॉर्डिंगवाला हात जोडतोय, विश्वस्त घिरट्या घालताहेत, बाबा आपले नाहीच. तेव्हा काकांनी पोरवयातली मस्करी केली. रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले, याची तारीख एक दिवस मागे घे. आणि बाबांना पडद्यासमोर उभं करून म्हणाले, "हे बघ. तुझ्या पंचांगात असेल अष्टमी. या खोलीत आज सप्तमी आहे. बस, म्हण."

"आणि बाबा बसले?" मला खरं वाटेना.

"हसला. पोट धरून हसला, आणि बसला. आयुष्यात एकदाच. माझ्यासाठी. आणि मग त्याची वाचा गेली. अष्टमीला मी त्याला भरीला घातलं म्हणून गेली. मी हे कुणाशी बोललो नाही. तारीख पुन्हा सरळ करायचंही मला धाडस झालं नाही. हात लावायला गेलो की वाटे, नको."

झटका बाबांना पुष्कळ नंतर आला, त्यांचा रक्तदाब किती होता, गोळ्या ते कशा चुकवायचे, आईशी त्यावरून रोज कशी वादावादी व्हायची, हे सगळं मी काकांना सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण पटत नव्हतं. इतके महिने हा माणूस रोज ती खोली झाडत होता, दिवा लावत होता, आणि मनातल्या मनात स्वतःला खात होता. मी त्यांना गंगाजळावरून बोलले ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, "काका, आता मी तारीख सरळ करते."

ते घाबरले. "त्या दिवशीचीही बदलेल?"

"नाही. त्या फायलीवर जी तारीख पडली ती पडली. तिथे सप्तमीच राहणार."

मी तारीख दुरुस्त केली आणि पुन्हा आज्ञा दिली. सर्व्हरने सही तपासली. चकार शब्द काढला नाही. भराभर नावं पडद्यावरून सरकायला लागली, एकामागून एक, गोतावळा सगळा आत. मी पाय लांब करून भिंतीला टेकले. इतकं हायसं वाटलं मला की भूक लागली. काकांच्या डब्यातले दोन लाडू मी न विचारता खाल्ले.

मग पहिली फाईल लावली. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. बाबांचाच. ते आंघोळीनंतर असंच खाकरतात, म्हणजे खाकरायचे. त्यावरून ते स्वयंपाकघराकडे निघालेत हे आईला कळायचं. आणि मग "हरिः ॐ". भरदार, स्वच्छ, अजिबात न थरथरणारा. मी काकांकडे पाहिलं नाही आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोघांनी तो सगळा भाग तसाच भिंतीकडे बघत ऐकला.

बाबांना न्यायचा दिवस काकांनी पंचांग बघून ठरवला. या खेपेला मी काही हुज्जत घातली नाही. चाकाच्या खुर्चीचा आमच्या गल्लीत काय उपयोग, दर चार पावलांवर पायरी किंवा सांड. म्हणून घरातली वेताची खुर्ची घेतली, शेजारचे दोघं धट्टेकट्टे नावाडी बोलावले, आणि पालखीसारखे बाबा निघाले. अंगावर शाल, कानटोपी, कपाळाला गंध. गल्लीतले लोक "गुरुजी, प्रणाम" म्हणत भिंतीला चिकटून वाट देत होते आणि बाबा डावा हात वर करून आशीर्वाद देत होते. महिनोन्‌महिने घराबाहेर न पडलेला माणूस, चेहऱ्यावर नुसती ऐट! आई मागून येत होती आणि नावाड्यांना सारखी म्हणत होती, "सँभाल के भइया, सँभाल के."

खोलीच्या दारात काकांनी बाबांच्या पायांवर पाणी घातलं, हात धुतले, आत बसवलं. मी फायलींची यादी पडद्यावर आणली. म्हटलं, "बाबा, कुठला भाग लावू?" त्यांनी बोट दाखवलं ते सरळ शेवटच्या ओळीकडे. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

मी लावला. खोली बाबांच्या आवाजाने भरून गेली. पहिल्यांदा ते नुसते ऐकत राहिले, डोळे मिटून. मग त्यांचा डावा हात मांडीवरून उठला आणि स्वरांबरोबर वरखाली व्हायला लागला, शिष्यांना शिकवताना व्हायचा तसा. आणि मग ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण ओठ बरोबर त्या त्या जागी मिटत होते आणि उघडत होते. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे वळ उठला. मला त्या बाईंचे शब्द आठवत होते, होंठ हिलने लगें तो. मी देवाला म्हणत होते, एवढंच दे, याच्यापुढचं आज मागत नाही.

पाठ संपला. काका उठले आणि बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. त्यांनी बाबांचा उजवा हात, तो अजून अर्धा झोपलेला हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अरे," ते म्हणाले, "तो दिवस अष्टमीचा होता. तू नको म्हणत होतास. मी तुला भरीला घातलं. तुझी वाचा माझ्यामुळे गेली रे."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग मान हलवली. नाही. काका आपले रडतच. बाबांनी डावा हात उचलला, पलंगावर मारायचे तशी खुर्चीच्या हातावर चापट मारली, आणि बोट पडद्याकडे केलं. शेवटच्या ओळीकडे, तारखेकडे. त्यांचं तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या. "स..." मला वाटलं त्यांना काही होतंय, मी पुढे धावले. त्यांनी मला हाताने मागे सारलं.

"स... सप्... सप्तमी."

बाबांनी काकांच्या गालावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाले, या वेळी जरा सोपं गेलं, आणि अर्ध्या तोंडाने हसत, "सप्तमी."

काका त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हसत होते की रडत होते ते मला कळलं नाही. माझंही मला कळत नव्हतं. पहिली भानावर आली ती आई. तिने पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग बाबांकडे. एवढ्या महिन्यांनी नवऱ्याच्या तोंडून शब्द ऐकलेली माझी आई डोळे पुसून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे अष्टमीला पाठाला बसला होतात तुम्ही? आणि मला घरी येऊन काय सांगितलंत? चंद्रेश्वराच्या देवळात जाऊन आलो म्हणून?"

बाबांनी लगेच डोळे मिटून घेतले.